मुलांच्या फुप्फुसातील हायडॅटिड सिस्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लहान मुलाच्या छातीच्या एक्स-रेमध्ये गोल, गुळगुळीत कडांची सावली दिसते आणि ‘गाठ आहे’ एवढेच शब्द कानावर पडतात, तेव्हा पालकांच्या मनात पहिला विचार कर्करोगाचा येतो आणि पुष्कळदा डॉक्टरांच्या मनात क्षयरोगाचा. या दोहोंखेरीज एक तिसरी शक्यता असते, ती म्हणजे कृमीमुळे झालेली पाण्याची गाठ, अर्थात हायडॅटिड सिस्ट. ती न फुटलेल्या अवस्थेत ओळखली गेली, तर मूल बहुधा पूर्ण बरे होते आणि फुप्फुसही जवळजवळ सगळे वाचते. म्हणूनच खालील उत्तरांमध्ये ‘सिस्ट अखंड आहे की फुटली आहे’ हा मुद्दा पुन्हा पुन्हा येईल.

हायडॅटिड सिस्ट म्हणजे काय आणि ती कशामुळे होते?

एकायनोकॉकस ग्रॅन्युलोसस या पट्टकृमीच्या अळीभोवती तयार होणारी, स्वच्छ पाण्यासारख्या द्रवाने भरलेली पिशवी म्हणजे हायडॅटिड सिस्ट. हा कृमी प्रौढ अवस्थेत कुत्र्याच्या लहान आतड्यात राहतो आणि त्याची लांबी अवघी ३ ते ६ मिलिमीटर असते. कुत्र्याला त्याचा फारसा त्रास होत नाही, त्यामुळे कुत्रा निरोगी दिसतो म्हणून तो कृमीमुक्त आहे असे समजता येत नाही. कृमीची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात आणि माती, गवत, पाणी, भाजीपाला तसेच कुत्र्याच्या स्वतःच्या केसांवर चिकटून राहतात. मेंढ्या, शेळ्या, गुरे, उंट, डुकरे यांनी ती गिळली की त्यांच्या यकृतात आणि फुप्फुसात सिस्ट तयार होतात. अशा जनावराचे कच्चे अवयव कुत्र्याने खाल्ले की त्याच्या आतड्यात पुन्हा प्रौढ कृमी वाढतात आणि चक्र पूर्ण होते.

माणूस या चक्रात अपघाताने सापडतो. मातीत खेळलेले किंवा कुत्र्याला कुरवाळलेले हात तोंडात गेले, की डोळ्यांना न दिसणारी ही अंडी मुलाच्या पोटात जातात. मांस खाल्ल्याने हा आजार होतो, असा समज बराच पसरलेला आहे, पण तो खरा नाही. माणसाला संसर्ग होतो तो कृमीच्या अंड्यांमुळे, आणि अंडी येतात ती कुत्र्याच्या विष्ठेतून.

अंडी पोटात जातात, मग गाठ फुप्फुसात कशी होते?

लहान आतड्यात अंड्याचे कवच विरघळते, आतली सूक्ष्म अळी आपल्या आकड्यांच्या साहाय्याने आतड्याचे अस्तर भेदते आणि रक्तात शिरते. आतड्यातले रक्त आधी यकृतात जाते, त्यामुळे बहुतेक अळ्या तिथेच अडकतात. ज्या यकृताच्या बारीक रक्तवाहिन्यांतून निसटतात त्या हृदयाच्या उजव्या बाजूने फुप्फुसात पोहोचतात आणि तिथल्या केशवाहिन्यांच्या जाळ्यात थांबतात. म्हणजे यकृत ही पहिली चाळणी आणि फुप्फुस ही दुसरी. मोठ्या माणसांमध्ये साधारण ७० टक्के सिस्ट यकृतात आणि २० टक्के फुप्फुसात आढळतात. मुलांमध्ये मात्र फुप्फुसाचा वाटा बराच मोठा असतो, आणि काही ठिकाणच्या बालरुग्णांमध्ये तो यकृताच्या बरोबरीचा किंवा त्याहूनही अधिक आढळला आहे. फुप्फुसांपैकी उजव्या बाजूला आणि खालच्या खंडांत सिस्ट होण्याचे प्रमाण जास्त असते.

एवढ्या लहान मुलाच्या छातीत इतकी मोठी गाठ वाढेपर्यंत कळले कसे नाही?

हा प्रश्न विचारताना अनेक पालकांच्या आवाजात अपराधीपणा असतो, तो त्यांनी बाळगू नये. मुलाचे फुप्फुस अतिशय लवचीक असते आणि श्वासागणिक छातीत निर्माण होणारा ऋणदाब सिस्टला फुगायला मदत करतो; यकृताच्या घट्ट पेशींमध्ये तिला जसा विरोध होतो तसा इथे होत नाही. शिवाय मुलाच्या शरीराकडून सिस्टभोवती जे आवरण तयार होते, ते फुप्फुसात पातळच राहते. त्यामुळे सिस्ट वर्षाला १ ते ५ सेंटिमीटर या वेगाने वाढू शकते, आणि तरीही आजूबाजूचे फुप्फुस बाजूला सरकून तिला जागा देत राहते. मूल खेळते, धावते, शाळेत जाते. वजनही वाढत असते. १० सेंटिमीटरहून मोठी सिस्ट असूनही फक्त अधूनमधून खोकला येतो, एवढीच तक्रार असलेली मुले आढळतात. कित्येकदा ती दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या एक्स-रेमध्ये अचानक सापडते.

ही कर्करोगाची गाठ आहे का? मुलाकडून घरातल्यांना होईल का?

दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असे आहे. हा कर्करोग नाही आणि तो माणसाकडून माणसाला होत नाही. मुलाचा खोकला, थुंकी, उष्टे अन्न किंवा कपडे यांच्यामुळे कोणालाही धोका नसतो, आणि त्याला वेगळे ठेवण्याची काहीही गरज नसते.

कोणती लक्षणे दिसू शकतात?

अखंड सिस्ट आजूबाजूच्या भागावर दाब देते. त्यामुळे बरेच दिवस रेंगाळणारा कोरडा खोकला, छातीत बोचरे दुखणे आणि धावल्यावर लागणारी धाप अशी लक्षणे असतात. कधी थुंकीतून थोडे रक्त पडते. श्वासनलिकेवर दाब आला तर घरघर ऐकू येते आणि मुलाला दमा असल्याचे समजून महिनोन्महिने इनहेलर दिला जातो. एकाच जागी, एकाच बाजूला राहणारी घरघर ही दम्याची नेहमीची रीत नव्हे. तेवढ्या एका निरीक्षणावरून छातीचा एक्स-रे काढण्याचा निर्णय घ्यायला हरकत नसावी.

सिस्टमध्ये जंतुसंसर्ग झाला की चित्र बदलते. ताप, दुर्गंधीयुक्त बेडका, भूक मंदावणे आणि वजन घटणे ही लक्षणे दिसतात आणि आजार फुप्फुसातल्या गळवासारखा भासतो.

सिस्ट फुटली हे कसे ओळखावे, आणि अशा वेळी काय करावे?

सिस्ट श्वासनलिकेत फुटली तर मुलाला अचानक खोकल्याची जोरदार उबळ येते आणि तोंडातून पाण्यासारखा, चवीला खारट द्रव मोठ्या प्रमाणात बाहेर पडतो. त्याबरोबर पांढरट, पातळ, लवचीक पापुद्रे पडतात. ते द्राक्षाच्या सालीसारखे किंवा उकडलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागाच्या तुकड्यांसारखे दिसतात. घाबरलेल्या घरातून ते बहुतेक वेळा फेकून दिले जातात. शक्य असेल तर ते स्वच्छ डबीत घालून डॉक्टरांकडे न्यावेत, किमान मोबाइलवर त्यांचे छायाचित्र काढावे, कारण निदानासाठी त्यांच्याइतका बोलका पुरावा क्वचितच मिळतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात पापुद्र्याचे एकावर एक थर आणि कधी कृमीचे आकडे स्पष्ट दिसतात.

सिस्ट फुप्फुसाबाहेरच्या पोकळीत फुटली, तर तिथे हवा आणि पाणी साचून फुप्फुस आकसते. मुलाला एकाएकी छातीत तीव्र कळ येते आणि श्वास घेणे कठीण होते.

दोन्ही प्रकारांत सर्वांत मोठी भीती असते ती अ‍ॅलर्जीच्या तीव्र प्रतिक्रियेची. अंगावर गांधी उठणे, ओठ आणि चेहरा सुजणे, घसा आवळल्यासारखा होणे, उलट्या, रक्तदाब उतरून मूल निपचित पडणे, यांपैकी काहीही दिसले तर क्षणाचाही विलंब न करता जवळच्या रुग्णालयात न्यावे. तिथला पहिला उपचार मांडीच्या स्नायूत दिलेले अ‍ॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन हाच असतो. ऑक्सिजन, शिरेतून सलाइन आणि इतर औषधे त्यानंतर येतात. प्रतिक्रिया आली नाही तरीसुद्धा सिस्ट फुटल्याची शंका असलेल्या मुलाला त्याच दिवशी रुग्णालयात दाखवणे आवश्यक आहे. पाणी निघून गेल्यावर मुलाला पुष्कळदा बरे वाटू लागते, खोकला कमी होतो, आणि ‘सुटलो’ असे वाटते. प्रत्यक्षात पापुद्रा आतच राहिलेला असतो आणि पुढच्या काही दिवसांत त्यात जंतुसंसर्ग होण्याची शक्यता बळावते.

निदानासाठी साधा एक्स-रे पुरतो का?

सुरुवात त्यानेच होते, आणि अनुभवी डोळ्यांना तो बरेच सांगून जातो. अखंड सिस्टची सावली गोल किंवा अंडाकृती, एकसारखी दाट आणि कंपासने रेखल्यासारख्या कडांची असते. फुप्फुसातल्या सिस्टमध्ये कॅल्शियमचा थर सहसा साचत नाही, आणि यकृतात दिसतात तशा लहान लहान उपसिस्टही क्वचितच असतात.

सिस्ट फुटण्याच्या मार्गावर असते तेव्हा तिचे स्वतःचे आवरण आणि बाहेरचे आवरण यांच्यात थोडी हवा शिरते आणि सावलीच्या वरच्या कडेला बारीक चंद्रकोर दिसू लागते. ही चंद्रकोर दिसली की शस्त्रक्रियेची तारीख पुढे ढकलण्यात अर्थ नसतो. पुढे सिस्ट पुरती फुटली, काही पाणी बाहेर गेले आणि आतला पापुद्रा सुटून उरलेल्या पाण्यावर तरंगू लागला, की एक्स-रेमध्ये सपाट पाण्याच्या रेषेवर एक सुरकुतलेली, वरखाली झालेली कड दिसते. तळ्यातल्या पाण्यावर पसरलेल्या कमळाच्या पानांची आठवण व्हावी असे ते दृश्य असते आणि त्याला ‘वॉटर लिली’ असेच नाव पडले आहे. एकदा पाहिलेले हे चित्र सहसा विसरले जात नाही.

शस्त्रक्रियेचे नियोजन करायचे तर सीटी स्कॅन जवळजवळ नेहमीच लागतो. सिस्ट किती आहेत, कुठल्या खंडात आहेत, आतला भाग पाण्याचाच आहे की घट्ट, आसपासच्या फुप्फुसाची अवस्था कशी आहे, हे त्यातून समजते. मुलांना किरणोत्सर्ग कमीत कमी मिळावा म्हणून स्कॅन मुलांसाठी ठरवलेल्या कमी मात्रेत आणि शक्यतो एकदाच करावा. सिस्ट छातीच्या भिंतीला लागून असेल तर साध्या सोनोग्राफीतही ती पाण्याची आहे हे कळते. या तपासणीचा उपयोग व्हायला हवा त्यापेक्षा फार कमी होतो, असे माझे मत आहे.

रक्ताची तपासणी निगेटिव्ह आली आहे. म्हणजे हा आजार नाही ना?

असे म्हणता येत नाही. रक्तातली प्रतिपिंडे (कृमीविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रथिने) शोधणाऱ्या एलायझासारख्या चाचण्या यकृतातल्या सिस्टसाठी बऱ्यापैकी विश्वासार्ह आहेत, पण फुप्फुसातल्या सिस्टसाठी त्यांची संवेदनक्षमता, म्हणजे आजार असताना तो पकडण्याची क्षमता, खूपच कमी असते. कारण सरळ आहे: सिस्ट अखंड असते तोवर तिच्यातली प्रथिने रक्तात फारशी झिरपत नाहीत आणि शरीराला तिची चाहूलच लागत नाही. मुलांमध्ये हा उणेपणा आणखी जाणवतो. म्हणून चाचणी पॉझिटिव्ह आली तर निदानाला बळकटी मिळते, पण निगेटिव्ह आली म्हणून एक्स-रे आणि सीटी स्कॅनमध्ये स्पष्ट दिसणारी सिस्ट नाकारायची नसते. रक्तातल्या इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या असणे हीसुद्धा ठरलेली खूण नाही; त्या वाढल्या नसलेली मुलेही पुष्कळ असतात, आणि वाढल्या असतील तर इतर जंतही त्याला कारण असू शकतात. त्वचेवर केली जाणारी कसोनी चाचणी आता मागे पडली आहे.

सुईने थोडे पाणी काढून तपासले तर लगेच निदान होईल ना?

कृपया हे करू देऊ नका. फुप्फुसातल्या सिस्टचे आवरण ताणलेल्या फुग्यासारखे असते. सुई टोचताच दाबाखालचे पाणी छातीच्या पोकळीत किंवा श्वासनलिकेत सांडू शकते. त्यातून अ‍ॅलर्जीची जीवघेणी प्रतिक्रिया येण्याचा धोका असतो, आणि सांडलेल्या द्रवातल्या सूक्ष्म कृमीशीर्षांपासून छातीत नव्या सिस्ट रुजण्याचाही. यकृतातल्या निवडक सिस्टसाठी सोनोग्राफीच्या मार्गदर्शनाखाली सुईने पाणी काढून, आत कृमिनाशक द्रव घालून तो पुन्हा काढून घेण्याची उपचारपद्धती वापरली जाते. ती फुप्फुसासाठी नाही. ‘छातीत पाणी झाले आहे’ असे समजून घाईघाईने सुई टोचली जाते, हाच या आजारातला सर्वांत टाळता येण्याजोगा अपघात आहे. ज्या भागात हा आजार आढळतो, तिथल्या मुलाच्या छातीतल्या गोल सावलीला सुई लावण्यापूर्वी ‘ही हायडॅटिड तर नसेल?’ हा प्रश्न प्रत्येक वेळी विचारला गेला पाहिजे.

क्षयरोगाशी किंवा इतर आजारांशी गल्लत होते का?

होते, आणि विशेषतः सिस्ट फुटून जंतुसंसर्ग झाल्यानंतर होते. खोकला, ताप, थुंकीतून रक्त, वजन घटणे ही सारी लक्षणे क्षयरोगाचीही आहेत, त्यामुळे जंतू न सापडताही क्षयरोगाची औषधे सुरू होतात आणि काही महिने त्यातच जातात. उपचार नीट चालू असूनही सावली जशीच्या तशी असेल, तर डोस वाढवण्याआधी निदान पुन्हा तपासले पाहिजे. न्यूमोनियामुळेही लहान मुलांत गोल सावली दिसते, पण ती प्रतिजैविकांनी काही आठवड्यांत विरते. जन्मजात श्वासनलिका-सिस्ट, फुप्फुसाच्या रचनेतले जन्मजात दोष, फुप्फुसातले गळू आणि क्वचित लहान मुलांमध्ये होणारा फुप्फुसाचा कर्करोग या इतर शक्यताही तपासाव्या लागतात.

कृमीमुळे फुप्फुसात पोकळी किंवा सिस्टसारखा बदल होण्याचे आणखी एक कारण म्हणजे पॅरागोनिमस हा फुप्फुसातला पर्णकृमी. तो कच्चे किंवा अर्धवट शिजलेले गोड्या पाण्यातले खेकडे खाल्ल्याने होतो, गंजासारखा तांबूस बेडका पडतो, थुंकीत किंवा शौचात त्याची अंडी सापडतात आणि तो प्राझिक्वांटेल या औषधाने बरा होतो. त्याला शस्त्रक्रिया सहसा लागत नाही, म्हणून हे दोन आजार वेगळे ओळखणे महत्त्वाचे आहे.

छातीचा आजार असताना पोटाची सोनोग्राफी कशासाठी सांगितली जाते?

कारण त्याच वेळी यकृतातही सिस्ट असण्याची शक्यता असते, आणि तिथली सिस्ट काही लक्षणे न देता राहू शकते. सोनोग्राफी वेदनारहित आणि किरणोत्सर्गविरहित असल्यामुळे ती प्रत्येक मुलाची करावीच. याच न्यायाने यकृतात सिस्ट सापडलेल्या मुलाच्या छातीचा एक्स-रे काढणेही आवश्यक ठरते.

केवळ औषधाने ही गाठ विरघळेल का? जंताची गोळी घेतली तर?

सर्वसाधारण जंतांसाठी दिली जाणारी अल्बेंडाझोलची एक गोळी या आजारावर उपचार नव्हे, आणि तिच्यावर विसंबून राहिल्यास केवळ वेळ वाया जातो. हेच औषध दीर्घकाळ आणि वजनानुसार दिले तर सिस्टवर परिणाम करते, हे मात्र खरे. लहान, साधारण ५ सेंटिमीटरपेक्षा कमी व्यासाच्या, पातळ भिंतीच्या सिस्ट औषधाला चांगला प्रतिसाद देतात, आणि मुलांमध्ये हा प्रतिसाद मोठ्यांपेक्षा उजवा असतो. दोन्ही फुप्फुसांत अनेक सिस्ट असतील किंवा मुलाची प्रकृती शस्त्रक्रिया सोसण्यासारखी नसेल, तेव्हाही औषधाचाच आधार घ्यावा लागतो.

मोठ्या सिस्टची गोष्ट वेगळी आहे. औषधाने कृमी मरतो, पण मेलेला पापुद्रा कुठे जाणार? तो कमकुवत होऊन फाटतो, श्वासनलिकेत पाणी सांडते आणि उरलेला पापुद्रा परक्या वस्तूसारखा आत सडत राहतो. त्यामुळे मोठ्या सिस्टसाठी शस्त्रक्रिया हाच मुख्य उपचार आहे आणि औषध तिचा सोबती.

मग शस्त्रक्रियेआधी औषध सुरू करावे की नाही?

या प्रश्नावर तज्ज्ञांमध्ये मतभेद आहेत. आधी औषध दिल्याने सिस्टमधला दाब कमी होतो आणि शस्त्रक्रियेत द्रव सांडलाच तरी नवी सिस्ट रुजण्याचा धोका घटतो, असे एक बाजू सांगते. दुसरी बाजू म्हणते की फुप्फुसातली सिस्ट औषधामुळे शस्त्रक्रियेच्या आधीच फुटू शकते. मला दुसऱ्या बाजूचे म्हणणे अधिक पटते: मोठी आणि अखंड सिस्ट असलेल्या मुलाला औषध देऊन घरी वाट पाहायला लावण्यापेक्षा शस्त्रक्रिया लवकर करावी आणि औषध त्यानंतर द्यावे. यकृतातही सिस्ट असेल तर मात्र हा क्रम सर्जन आणि बालरोगतज्ज्ञ यांनी एकत्र बसून ठरवणे इष्ट.

अल्बेंडाझोल कसे दिले जाते आणि कोणती काळजी घ्यावी?

नेहमीची मात्रा मुलाच्या वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १० ते १५ मिलिग्रॅम अशी असते; ती दोन वेळांत विभागून दिली जाते आणि दिवसाला ८०० मिलिग्रॅमच्या पुढे जात नाही. औषध रिकाम्या पोटी घेतले तर फारच थोडे शोषले जाते, म्हणून ते स्निग्ध पदार्थ असलेल्या जेवणाबरोबरच द्यावे. पूर्वी २८ दिवस औषध आणि १४ दिवस विश्रांती अशी आवर्तने देत. आता खंड न पाडता सलग देण्याकडे कल आहे. शस्त्रक्रियेनंतर साधारण १ ते ३ महिने आणि केवळ औषधी उपचार असेल तर याहून अधिक काळ ते चालते.

यकृतावर परिणाम होणे आणि रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होणे हे त्याचे महत्त्वाचे दुष्परिणाम आहेत. दोन्ही सुरुवातीला बाहेरून दिसत नाहीत, म्हणून पहिले काही महिने दर दोन आठवड्यांनी आणि पुढे महिन्यातून एकदा रक्त तपासले जाते. ही तपासणी चुकवू नये. काही मुलांचे केस गळतात. औषध थांबल्यावर ते पुन्हा येतात. ताप, घसा दुखणे किंवा डोळे पिवळे दिसणे अशी लक्षणे आढळल्यास औषध थांबवून डॉक्टरांना लगेच कळवावे. वयात आलेल्या मुलींना औषध सुरू करण्यापूर्वी गर्भधारणा नसल्याची खात्री करून घेतली जाते.

शस्त्रक्रियेत नेमके काय करतात?

छाती बरगड्यांमधून उघडून, किंवा अनुभवी हातांत आणि योग्य सिस्टसाठी दुर्बिणीतून, सर्जन सिस्टपर्यंत पोहोचतात. फुप्फुसाच्या गुलाबी पृष्ठभागावर सिस्टचा पांढुरका घुमट वर आलेला दिसतो. त्याच्याभोवती २० टक्के मिठाच्या द्रावणात किंवा पोव्हिडोन आयोडिनमध्ये भिजवलेल्या घड्या लावून बाकीची सगळी छाती झाकून घेतली जाते, म्हणजे एखादा थेंब सांडलाच तर तो तिथेच टिपला जावा. त्यानंतर दोन मार्ग असतात. पहिल्यात जोरदार सक्शन लावलेल्या जाड सुईने पाणी ओढून घेऊन मग पापुद्रा बाहेर काढतात. दुसऱ्यात बाहेरचे आवरण अतिशय हलक्या हाताने कापले जाते, भूलतज्ज्ञ फुप्फुसात हळूच हवा भरतात आणि त्या दाबाने मोत्यासारखी पांढरी सिस्ट आपोआप वर सरकत अखंड बाहेर येते. या क्षणी सर्जन आणि भूलतज्ज्ञ यांचा ताळमेळ फार महत्त्वाचा असतो. हवा थोडी जोरात भरली गेली तरी सिस्ट फुटू शकते.

खरे काम यानंतर उरते. रिकाम्या पोकळीत सलाइन भरून फुप्फुस पुन्हा फुगवले जाते आणि जिथून बुडबुडे येतात तिथे श्वासनलिकेची उघडी तोंडे सापडतात. ती एकेक करून टाके घालून बंद करावी लागतात, कारण एखादे राहून गेले तर शस्त्रक्रियेनंतर बरेच दिवस हवा गळत राहते. पोकळीच्या भिंती टाक्यांनी एकमेकींना जोडून ती बुजवावी की नाही, याबाबत सर्जनांची मते वेगवेगळी आहेत. श्वासनलिकेशी जोडलेल्या पोकळीत कृमिनाशक द्रव ओतायचा नसतो. तो थेट फुप्फुसात उतरून इजा करतो.

फुप्फुसाचा भाग कापून काढावा लागतो का?

बहुतेक मुलांमध्ये लागत नाही. एक्स-रेमध्ये दाबून चपटे झालेले फुप्फुस खराब झाले आहे असे वाटते, परंतु मुलाचे फुप्फुस सिस्ट निघताच आश्चर्यकारक रीतीने उमलते. शस्त्रक्रियेच्या टेबलावरच निळसर, आकसलेला भाग पुन्हा गुलाबी होताना दिसतो. जंतुसंसर्गाने एखादा संपूर्ण खंड निकामी झाला असेल तेवढ्याच वेळी तो काढावा लागतो. सिस्ट मोठी आहे एवढ्याच कारणासाठी खंड काढण्याचा सल्ला मिळाला, तर पालकांनी मुलांच्या छातीच्या शस्त्रक्रियेचा अनुभव असलेल्या दुसऱ्या सर्जनचे मत अवश्य घ्यावे.

दोन्ही फुप्फुसांत किंवा यकृतातही सिस्ट असल्यास?

दोन्ही बाजूंच्या सिस्ट सहसा काही आठवड्यांच्या अंतराने दोन टप्प्यांत काढल्या जातात. मोठी आणि अखंड बाजू आधी घेण्याकडे अनेक सर्जनांचा कल असतो, कारण फुटण्याचा धोका तिलाच असतो. उजव्या फुप्फुसातली सिस्ट आणि यकृताच्या वरच्या पृष्ठभागावरची सिस्ट मात्र छातीच्या एकाच छेदातून, छाती आणि पोट यांच्यामधला पडदा उघडून, एकाच वेळी काढता येतात. अशा वेळी मुलाची दुसरी शस्त्रक्रिया वाचते.

भूल देण्यात विशेष धोका असतो का?

असतो, आणि त्यासाठी तयारीही असते. सिस्ट भूल देताना किंवा काढताना फुटली तर पाणी आणि पापुद्रे निरोगी फुप्फुसात उतरू शकतात. मोठ्यांमध्ये दोन्ही फुप्फुसे वेगळी ठेवणारी दुहेरी नळी वापरतात, परंतु लहान मुलांच्या श्वासनलिकेत ती मावत नाही. त्यांच्यासाठी एका बाजूची श्वासनलिका फुग्याने बंद करणारे साधन किंवा एकेरी नळी एकाच बाजूला नेणे असे पर्याय वापरले जातात. अ‍ॅलर्जीच्या प्रतिक्रियेसाठी अ‍ॅड्रेनॅलिन हाताशी भरून ठेवलेले असते. ही शस्त्रक्रिया लहान मुलांच्या भुलीची सवय असलेल्या केंद्रातच करावी, असा आग्रह पालकांनी धरावा.

शस्त्रक्रियेनंतर मुलाला किती दिवस लागतात?

छातीत घातलेली नळी हवा आणि पाणी येणे थांबेपर्यंत ठेवली जाते. बहुधा काही दिवसांत ती निघते. वेदनाशामक औषध पुरेसे मिळाले पाहिजे, कारण दुखते म्हणून मूल खोकायचे टाळते आणि कफ साचतो. फुगे फुगवणे, साबणाचे बुडबुडे काढणे यांसारख्या खेळांतून श्वासाचे व्यायाम सहज होतात. जखम भरल्यावर काही आठवड्यांत मूल शाळेत जाऊ लागते. जोराचे खेळ सर्जनच्या सल्ल्याने सुरू करावेत.

एक्स-रेमध्ये जुन्या सिस्टच्या जागी पुसट सावली किंवा लहान पोकळी काही महिने दिसत राहते, तिची भीती बाळगू नये.

आजार पुन्हा होऊ शकतो का?

होऊ शकतो. शस्त्रक्रियेत सांडलेल्या द्रवातून, तेव्हा फारच लहान असल्यामुळे न दिसलेल्या सिस्टमधून किंवा नव्याने झालेल्या संसर्गातून तो उद्भवतो. म्हणून पहिल्या वर्षात काही वेळा आणि त्यानंतर निदान तीन ते पाच वर्षे दरवर्षी छातीचा एक्स-रे आणि पोटाची सोनोग्राफी करून घ्यावी. रक्तातली प्रतिपिंडे बरे झाल्यानंतरही वर्षानुवर्षे राहू शकतात, त्यामुळे केवळ रक्ताचा अहवाल पॉझिटिव्ह आहे म्हणून आजार उलटला असे समजू नये.

घरातला कुत्रा सोडून द्यावा का?

त्याची गरज नाही, आणि सोडून दिलेला कुत्रा उघड्यावर पडलेले अवयव खाऊन धोका वाढवण्याचीच शक्यता अधिक. पशुवैद्यांच्या सल्ल्याने त्याला दर ४ ते ६ आठवड्यांनी प्राझिक्वांटेल द्यावे, कारण संसर्ग झाल्यापासून अंडी बाहेर पडू लागण्यास साधारण एवढाच काळ लागतो. जनावरांचे कच्चे यकृत आणि फुप्फुस त्याला कधीही घालू नये. मुलांनी कुत्र्याशी खेळल्यावर आणि मातीतून आल्यावर साबणाने हात धुवावेत; नेहमीचे सॅनिटायझर या अंड्यांना मारत नाहीत, धुऊन काढणे हाच उपाय आहे. कच्च्या खायच्या भाज्याही वाहत्या पाण्यात धुवाव्यात.

हे उपाय किरकोळ वाटतात, पण त्यांनी देशच्या देश या आजारातून बाहेर आले आहेत. आइसलँडमध्ये १८६३ साली डॅनिश वैज्ञानिक हाराल्ड क्राबे यांनी कुत्र्यांमधल्या कृमींचा अभ्यास केला आणि त्यानंतर घरोघर माहिती पोहोचवणारी पुस्तिका वाटण्यात आली. तिथून हा आजार पुढे नाहीसा झाला. न्यूझीलंडने २००२ साली स्वतःला या आजारातून तात्पुरते मुक्त घोषित केले. मेंढ्यांसाठी ईजी९५ ही लसही आता उपलब्ध आहे. माणसांसाठी लस नाही.

घरातल्या इतर मुलांची तपासणी करावी का?

करावी. एकाच अंगणात खेळणाऱ्या, एकाच कुत्र्याला हाताळणाऱ्या भावंडांना संसर्गाची संधीही सारखीच मिळालेली असते, आणि त्यांच्यातल्या सिस्ट अजून लहान, अखंड आणि लक्षणविरहित असू शकतात. प्रत्येकाची पोटाची सोनोग्राफी आणि छातीचा एक एक्स-रे एवढी तपासणी त्यासाठी पुरेशी असते. आई-वडिलांनीही तीच करून घ्यावी.